तुम्ही विचारलंत म्हणून: पानिपतात आपल्याला यमुनेनं हरवलं का?

व्याख्यान संपून चहा सुरू झाला की कुणीतरी गाठतंच. "मॅडम, म्हणजे पानिपतात आपण हवामानामुळे हरलो, असंच ना?" अर्ध्या लोकांना माझा होकार हवा असतो, म्हणजे भाऊसाहेब सुटले. उरलेल्यांना राग आलेला असतो, की एवढ्या माणसांचं मरण मी पुराच्या पाण्यात बुडवलं. नाशकात हा प्रश्न जास्तच बोचतो. विश्वासरावांची आई, गोपिकाबाई, उतारवयात इथेच गंगापूरला येऊन राहिल्या. मुलगा गमावलेली ती बाई आपल्या गावची झाली. म्हणून एकदाच सविस्तर लिहिते.

पूर खरा होता. 1760 च्या पावसाळ्यात भाऊंना इटाव्याजवळ यमुना ओलांडून अब्दालीवर जायचं होतं. त्या भागातले मराठ्यांचे कारभारी गोविंदपंत बुंदेले यांना नावा गोळा करायला सांगितलं होतं. नदी फुगली आणि बेत तिथेच राहिला. हे मी बोलते, पुढेही बोलणार. त्यात कुणाचा अपमान नाही.

पण माझा जुना मुद्दा एवढ्यावर थांबायचा, आणि तो थांबू दिला नाही माझ्या थोरल्या भावानं.

दादा तोफखान्यात होता. नाशिकरोडच्या आर्टिलरी सेंटरमधून शिकून गेला आणि पुढे सियाचीनला चढला. विरळ हवेत गोळा लांब जातो, दारू गारठली तर तोच गोळा अलीकडे पडतो. प्रत्येक वेळी हवेचा हिशेब नव्यानं मांडावा लागतो, हे मला त्यानं स्वयंपाकघरात बसून शिकवलं. परत आला तेव्हा डाव्या पायाची बोटं नव्हती. हिमदंश. बोट आधी पांढरं पडतं, मेणासारखं, आणि दुखायचं थांबतं. दुखणं थांबलं की घाबरायचं, असं तो सांगतो. भेटायला येणारे विचारायचे, "कुठल्या चकमकीत?" तो म्हणायचा, "थंडीत." मग समोरचा माणूस गप्प व्हायचा आणि चहाचा कप उचलायचा. आईनं तर पुढे पुढे "सीमेवर जखमी झाला" एवढंच सांगायला सुरुवात केली. दादाला ते फार लागलं. महिनोन्महिने त्या बर्फात तोफ चालती ठेवली, आणि शत्रूची गोळी लागली नाही म्हणून त्याची लढाई मोजायचीच नाही? हवामानाचं नाव काढलं की पराक्रम कमी होतो असं ज्यांना वाटतं, त्यांच्याशी मी इतक्या तावातावानं का बोलते, ते यावरून कळावं.

तर हाच दादा माझ्या व्याख्यानाला पहिल्या रांगेत बसला होता. घरी येताना रिक्षात म्हणाला, "पूर अब्दालीलाही होताच की. तो पलीकडे अनुपशहरला अडकून पडलेला. मग आधी कोण उतरलं, ते का नाही सांगितलंस?"

खरंच आहे. भाऊ दिल्लीहून वर, यमुनाकाठच्या कुंजपुऱ्याच्या किल्ल्यावर गेले, ऑक्टोबरच्या मध्यावर ते घेतलं, आणि आठवडाभरात अब्दाली बागपतला नदीत उतरला. पाणी अजून बरंच होतं, त्याची माणसं वाहून गेली, तरी उतरला. आपल्या फौजेच्या आणि दिल्लीच्या मध्ये येऊन बसला. पुढची उपासमार, कडाक्याची थंडी, 14 जानेवारी 1761 ची लढाई, हे सगळं तिथून सुरू होतं.

मी दादाला प्लासी ऐकवली. 23 जून 1757, दुपारची एक सर. इंग्रजांनी दारूगोळ्यावर ताडपत्री ओढली, बंगालच्या नवाबाच्या तोफांची दारू भिजली. इंग्रजांच्याही तोफा गप्प झाल्या असतील असं समजून नवाबाचा सरदार मीर मदन घोडदळ घेऊन सुटला आणि तोफांच्या माऱ्यात पडला. "बघ, एका सरीनं केलं!" दादा म्हणाला, "ताडपत्री कुणी आणली होती?" मी म्हटलं, नवाबाचाच सेनापती मीर जाफर फौज घेऊन नुसता उभा राहिला नसता तर ताडपत्री असूनही काय झालं असतं? यावर तो हसला, पण मान्य केलं नाही.

म्हणून कुणी "हो की नाही" विचारलं की मी चिडते. पुरानं भाऊंचा बेत मोडला, हो. पण पूर ओसरू लागल्यावरही बागपतचा उतार मोकळा राहिला, आणि ते नदीचं काम नव्हतं. दादाच्या मते तिथे भक्कम चौकी हवी होती, यापुढे बोलायचंच नाही. मला ते तितकंसं पटत नाही. फौजेला दाणागोटा हवा होता, तो कुंजपुऱ्यात होता. दत्ताजी शिंद्यांना मारणारा कुतुबशाहही तिथेच सापडला. भुकेली माणसं सोडून कोणता सेनापती नदीवर पहारे वाटत बसेल? दादा म्हणतो, चांगला सेनापती.