फॉर्म्युला कारला हार्नेस बसवताना

कॉलेजची टीम वर्षभर खपून स्वतः गाडी बनवते आणि ती घेऊन कोईम्बतूरला, कारी मोटर स्पीडवेवर, फॉर्म्युला भारत या विद्यार्थ्यांच्या स्पर्धेसाठी जाते. तिथे ट्रॅकवर उतरायच्या आधी टेक इन्स्पेक्शन, म्हणजे गाडीची तांत्रिक तपासणी, असतं आणि त्यातला बराच वेळ ड्रायव्हर बसतो त्या जागेवर जातो. आमच्या टीममध्ये हार्नेस, म्हणजे ड्रायव्हरला सीटला बांधून ठेवणारे पट्टे, हे काम माझ्याकडे होतं. पुढच्या वर्षी ज्यांच्या वाट्याला ते येईल त्यांच्यासाठी हे लिहितोय.

चासीचा, म्हणजे गाडीच्या सांगाड्याचा, पहिला पाइप कापायच्या आधी ड्रायव्हरला बसवा, हे माझं ठाम मत आहे. आम्ही प्लायवुडचं कॉकपिट ठोकलं, पाठ हवी तेवढी तिरकी केली आणि टीममधला सर्वात उंच मुलगा व सर्वात बुटकी मुलगी यांना आळीपाळीने त्यात बसवून मापं घेतली. नियम असा की, खांद्यापासून मागे बारपर्यंत, म्हणजे पट्टे अडकवायच्या आडव्या पाइपापर्यंत, जाणारा पट्टा आडव्या रेषेच्या जास्तीत जास्त १० अंश वर किंवा २० अंश खाली असू शकतो. बार फार खाली गेला, तर धडक बसताच पट्टे खांद्यांना खाली दाबतात आणि तो सगळा भार मणक्यावर येतो. दोघांच्या खांद्यांत चांगला चार बोटांचा फरक होता, बार मात्र एकच. शेवटी उंच ड्रायव्हरच्या मापाने बार पक्का केला आणि बुटक्या मुलीसाठी जाड फोमची बैठक ओतली. दोन द्रव मिसळायचे, कचऱ्याच्या मोठ्या पिशवीत ओतायचे, पिशवी सीटमध्ये ठेवायची आणि लगेच ड्रायव्हरने वर बसायचं. फोम फुगताना चांगलाच गरम होतो. ती हेल्मेट घालून, हात स्टीअरिंगवर ठेवून, तो घट्ट होईपर्यंत जराही हलली नाही. त्या बैठकीत आजही तिच्या पाठीचा बाक जसाच्या तसा दिसतो.

मग खरेदी. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर गाडीचा हवा तो भाग मिळतो, त्यामुळे ‘तिथूनच बेल्ट आण ना’ असा सल्ला घरातल्यांपासून सगळ्यांनी दिला. १९५९ साली व्होल्वोच्या निल्स बोलिन यांनी आणलेला तीन टोकांचा बेल्ट रोजच्या गाडीसाठी उत्तमच आहे. पण आमचा ड्रायव्हर मागे रेलून, पाय पुढे पसरून बसतो. धडकेत तो कंबरेच्या पट्ट्याखालून पुढे घसरू शकतो, म्हणून मांड्यांमधून येणारे दोन पट्टे लागतात. कंबरेचे दोन, खांद्यांचे दोन आणि हे दोन, असा सहा टोकांचा हार्नेस, त्यावर एसएफआय १६.१ या अमेरिकन सुरक्षा मानकाचं लेबल. लेबलवर बनवल्याची तारीख असते आणि त्यानंतरच्या दुसऱ्या वर्षाच्या ३१ डिसेंबरला तो बाद होतो. म्हणून पैसे पाठवायच्या आधी विक्रेत्याकडून लेबलचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर मागवा. जुना हार्नेस स्वस्तात मिळतो म्हणून हुरळून जाऊ नका. आमच्या बजेटमध्ये हा खर्च ‘किरकोळ’खाली पडला होता, तो तिथून काढायला मला बरीच वादावादी करावी लागली.

बोल्ट नागदेवी स्ट्रीटवरून आणले. एम१०, म्हणजे १० मिलिमीटर जाडीचे, आणि मजबुतीत किमान ८.८ ग्रेडचे. तिथे माल किलोवर मिळतो, पण मी दुकानाच्या पायरीवर बसून एकेक बोल्ट उजेडात धरून डोक्यावरचा ८.८ चा ठसा पाहिला. ठसा नसलेला एकही घेतला नाही. शेठ वैतागले, पण गाडी कसली आहे ते कळल्यावर त्यांनीच दुसरं खोकं काढून दिलं.

कंबरेचा पट्टा बाजूने पाहिला तर आडव्या रेषेशी ६० ते ८० अंशांत यावा लागतो आणि तो पोटावर नाही, कमरेच्या हाडांच्या खाली बसला पाहिजे. ज्या टॅबला, म्हणजे पाइपावर वेल्ड केलेल्या छोट्या पट्टीला, तो अडकतो त्याने १३ किलोन्यूटन, म्हणजे साधारण सव्वातेराशे किलोंचा भार सोसायचा असतो. वेल्डरकाकांना मी म्हटलं, ‘काका, बाकी काही तुटलं तरी चालेल, हा टॅब निघता कामा नये.’ ते म्हणाले, ‘मग आधी पाइपावरचा रंग नीट खरवड. रंगावर वेल्ड धरत नाही.’ दुपारभर खरवडत बसलो. खांद्यांच्या पट्ट्यांमधलं अंतर १७८ ते २२९ मिलिमीटर हवं, म्हणून ते बारवर सरकू नयेत यासाठी बाजूंना छोट्या कड्या वेल्ड केल्या. एक गोष्ट मात्र काटेकोरपणे पाळा: गाडीवर कुठेही वेल्डिंग चालू असेल तर हार्नेस काढून पिशवीत ठेवा. ठिणगीने पट्ट्याचा धागा जळला की तो पट्टा गेला.

पट्टा तीन दांड्यांच्या बकलातून ओवल्यावर टोक पुन्हा उलटं आत घ्यायचं असतं. एकेरी ओवलेला पट्टाही हाताने ओढला तर घट्टच वाटतो, पण झटका बसला की सरकतो. हे प्रत्येक वेळी दुसऱ्या माणसाकडून तपासून घ्या.

पाच सेकंदांत बाहेर पडण्याचा सराव आम्ही ऑक्टोबर हीटमध्ये, फायरसूट, हातमोजे आणि हेल्मेटसकट केला. आधी सगळे पट्टे सोडणारं मधलं बकल फिरवायचं, मग स्टीअरिंग काढायचं, की उलट? दोन्ही करून पाहिलं. बकल आधी सोडलं की मांड्यांमधले पट्टे आपसूक बाजूला पडत, म्हणून तोच क्रम ठरवला.

कोईम्बतूरला परीक्षकांनी लेबलची तारीख वाचली, प्रत्येक पट्टा जोर लावून ओढला आणि नटाच्या बाहेर बोल्टचे किमान दोन आटे दिसतायत का ते बोट फिरवून पाहिलं. मग बुटक्या ड्रायव्हरला बसवून खांद्याच्या पट्ट्यावर कोनमापक ठेवला. ‘बैठक हलली तर?’ असं त्यांनी विचारलं. आम्ही खालचं वेल्क्रो दाखवलं, त्यांनी स्वतः बैठक खेचून पाहिली. ती हलली नाही. दोघंही ड्रायव्हर वेळेत बाहेर पडले आणि यादीत त्या रकान्यासमोर सही झाली. ब्रेक आणि गाडी ६० अंशांत तिरकी करून पाहणाऱ्या टिल्ट टेबलची काळजी त्यानंतर बाकीच्यांनी केली.

हार्नेस आता ज्युनिअरांकडे आहे, पण त्याची मुदत संपत आलीय. त्यांनी नव्या हार्नेसचे पैसे बजेटच्या पहिल्या ओळीत लिहून घेतलेत, इंजिनाच्याही वर.