तंबू 4 दिवसांत आला, गाडीवर 23 दिवसांनी चढला

गाडीच्या छतावरचा तंबू मागवला तो 4 दिवसांत घरी आला. गाडीवर चढायला 23 दिवस गेले. अजून आठवलं की डोकं फिरतं.

आमच्या गाडीचे रूफ रेल (छताच्या दोन्ही कडांचे लांब दांडे) नुसते शोभेचे, त्यांवर वजन टाकायचं नसतं. म्हणून कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या एका वर्कशॉपमध्ये कॅरियर करायला दिला. "परवा या." परवा गेलो तर वेल्डर जोतिबाला गेलेला. मग लाईट नव्हती. मग रंग वाळायचा होता. बाराव्या दिवशी कॅरियर समोर आला, काळाभोर, दणकट. उचलायला गेलो तर हलेना! शेजारच्या भंगारवाल्याच्या काट्यावर ठेवला: 28 किलो. तंबू 58. झाले 86. आणि गाडीच्या मॅन्युअलमध्ये छताची मर्यादा 75 किलो, तीही कॅरियर धरून.

मिस्त्री म्हणाला, "सायेब, चार पैलवान बसवा ह्याच्यावर. वाकला तर पैसे परत."

कोल्हापुरात पैलवानाचं नाव निघालं की वाद तिथंच मिटतो. पण कॅरियर वाकण्याचा प्रश्नच नव्हता. मॅन्युअलमधला आकडा चालत्या गाडीचा असतो. ब्रेक, वळण, खड्डे धरून. उभ्या गाडीचं छत त्याहून कितीतरी जास्त पेलतं, म्हणून तर वर दोघं झोपू शकतात. करूळ घाटाच्या वळणावर मात्र डोक्यावरचं वजन गाडीला झुलवतं. हे समजावण्यात दोन चहा आणि एक भांडण झालं. शेवटी दाराच्या चौकटीला क्लॅम्पने धरणारे ॲल्युमिनियमचे दोन आडवे बार बाहेरून मागवले. 6 किलो. ते यायला पुन्हा अकरा दिवस, बसवायला अर्धा तास. लोखंडी कॅरियर गॅलरीत आहे, आई त्यावर कुंड्या ठेवते.

तेव्हा आधी मॅन्युअल वाचा, मग तंबू बघा. बारवर लिहिलेली वजनाची मर्यादाही बघा.

पहिला मुक्काम गगनबावड्याजवळ, मित्राच्या मामांच्या शेतात. खाली जांभा, खुंटी ठोकली की वाकते. मित्र त्याच्या जमिनीवरच्या तंबूसाठी दगड शोधत फिरत होता, आम्ही पाच मिनिटांत वर आडवे. गादी आतच, खालची ओल नाही. रुबाब वेगळाच! रात्री दोनला शिडीवरून चप्पल चाचपडत उतरलो तेव्हा तो रुबाब गेला. सकाळी दूध आणायला गाडी काढायची तर सगळा संसार आवरायला लागला. आमची 17 चा ॲव्हरेज देणारी गाडी आता 15 वर आलीय. तळघरातल्या पार्किंगमध्ये शिरण्याआधी तंबूसकट उंची मोजून ठेवा.

ओला तंबू मिटला तर दोन दिवसांत कुबट वास. पावसाळ्यात आपल्याकडे बनियन वाळत नाही, तिथं कॅनव्हासचं काय! आम्ही पार्किंगमध्ये उघडून पंखा लावला.

आणि हो, राहिलंच. पहिल्या पन्नासेक किलोमीटरनंतर बोल्ट पुन्हा आवळा. मी गगनबावड्यात बघितले तेव्हा दोन ढिले होते.