पपनस, मोहरी आणि पावणेदोन मुठी ध्रुव

शाळेच्या अमृतमहोत्सवाच्या स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून दे म्हणून बॅचच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तीनदा मेसेज आला. मी १९८२ च्या दहावीचा. शाळा सुटल्यावर मुंबईला जाऊन बोटीवर लागलो, डेकवर, आधी साधा खलाशी आणि शेवटची बारा वर्षं सारंग, म्हणजे खलाशांचा मुकादम, आणि यंदा मार्चमध्ये घरी आलो तो कायमचा. गॅदरिंग, खो-खो, पावसात गळणारा सातवीचा वर्ग, हे सगळं बाकीचे लिहितीलच, मी फक्त आकाशाबद्दल लिहितो, कारण शाळेतलं जे माझ्याबरोबर जगभर फिरलं आणि मी रोज वापरलं ते तेवढंच.

आम्हाला विज्ञान आणि भूगोल शिकवायला एकच सर होते. शाळेत दुर्बीण नव्हती, नकाशेसुद्धा दोनच. पण सर आल्या आल्या पहिल्याच आठवड्यात त्यांनी वर्गाला विचारलं, भरतीची वेळ कशी काढता रे तुम्ही? अख्खा वर्ग हात वर. आमच्यातले निम्मे तर मासेमारीवाल्या घरातले, तिथीला पाऊणपट करायची हे आम्हाला पाढ्यांच्या आधी येत होतं, म्हणजे चतुर्थी असेल तर चार पाऊण तीन, तीन वाजता पूर्ण भरती. सर म्हणाले बरोबर, पण पाऊणपटच का? अर्धपट का नाही? यावर सगळे गप्प. माझ्या आजोबांना विचारलं तर ते म्हणाले वाडवडिलांपासून तसंच आहे.

दुसऱ्या दिवशी सरांनी फळ्यावर काढून दाखवलं. चंद्र पृथ्वीभोवती साधारण सव्वासत्तावीस दिवसांत फिरतो, म्हणजे रोज तेरा अंश पूर्वेला सरकतो, त्यामुळे आज जिथे होता तिथे त्याला गाठायला पृथ्वीला उद्या आणखी पन्नासेक मिनिटं फिरावं लागतं, म्हणून भरतीही रोज तेवढी उशिरा. तिथी दिवसापेक्षा किंचित लहान असते, आणि जुन्या माणसांनी तोंडी हिशेबाला सोपा म्हणून पाऊण तास धरला. अमावास्या-पौर्णिमेला सूर्य आणि चंद्र एका रेषेत ओढतात म्हणून उधाण, अष्टमीला काटकोनात ओढतात म्हणून भांग, म्हणजे कमी भरती. सूर्य एवढा मोठा असून भरतीवरची त्याची ओढ चंद्राच्या निम्म्याहूनही थोडी कमी पडते, कारण चंद्र ३ लाख ८४ हजार किलोमीटरवर आणि सूर्य १५ कोटींवर. हे घरी जाऊन आजोबांना सांगितलं तेव्हा ते जाळं विणता विणता थांबले आणि म्हणाले परत सांग. आजोबांनी मला कधी काही परत सांगायला लावलं नव्हतं.

१६ फेब्रुवारी १९८० चं ग्रहण आठवीत असताना. हुबळीच्या बाजूला खग्रास होतं, आपल्याकडे खंडग्रास. शनिवार, सकाळची शाळा, दुपारी गावात एक माणूस रस्त्यावर नव्हता, घराघरात पाण्यावर तुळशीपत्रं ठेवलेली. सरांनी कुणाच्या घरच्यांशी वाद घातला नाही, ज्यांना परवानगी मिळेल त्यांनी या म्हणाले, आम्ही अकरा जण गेलो. वर बघायचं नाही ही सक्त ताकीद. पुठ्ठ्याला टाचणीचं भोक पाडून भिंतीवर सूर्याची कोर पाडली, आणि मग सर म्हणाले आता आंब्याखाली चला. आंब्याखाली जमिनीवर शेकडो चंद्रकोरी पडलेल्या, पानांमधली प्रत्येक फट म्हणजे एक भोक आणि प्रत्येक भोकातून एक सूर्य. एरवी झाडाखाली उन्हाचे जे गोल कवडसे दिसतात तीसुद्धा सूर्याची चित्रंच असतात हे मला तेव्हा कळलं, आणि आजही कुठे झाडाखाली उभा राहिलो की नजर आधी जमिनीवर जाते.

मृगाचं कोडं सगळ्यात जास्त दिवस चाललं. ७-८ जूनला मृग लागला म्हणतात, रोहिणीत धूळवाफेची पेरणी, मृगात पाऊस, हे घरोघरी माहीत. आणि सर तर थंडीत रात्री मृग दाखवत होते, चार तारे, मध्ये तिघांचा बाण, खाली झगझगीत व्याध. मग जूनमधला मृग कुठला? दोन मृग आहेत काय? सरांनी उत्तर दिलंच नाही, म्हणाले डिसेंबरपासून दर पंधरा दिवसांनी रात्री आठला मृग कुठे दिसतो ते लिहून ठेवा. आम्ही लिहिलं. डिसेंबरात पूर्वेला, फेब्रुवारीत डोक्यावर, एप्रिलमध्ये पश्चिमेला, मे संपता संपता सूर्याबरोबरच मावळायला लागला आणि गायब. तेव्हा सर बोलले, आता सूर्य त्याच्या अंगणात शिरलाय, म्हणून दिवसा वर असतो आणि दिसत नाही, यालाच मृग लागला म्हणतात. २७ नक्षत्रं, सूर्याला प्रत्येकात तेरा-चौदा दिवस. खरं तर सूर्य कुठेच गेलेला नसतो, आपण त्याच्याभोवती फिरतो म्हणून त्याच्या मागचा पडदा बदलतो. पौर्णिमेचा चंद्र मात्र सूर्याच्या बरोबर समोर, म्हणून तो कृत्तिकांजवळ आला की कार्तिक, मृगशीर्षाजवळ मार्गशीर्ष, मघांजवळ माघ, चित्रेजवळ चैत्र. कॅलेंडरवरचे महिने हे आकाशातले पत्ते आहेत हे कळल्यावर मी घरातल्या भिंतीवरच्या कॅलेंडरकडे कितीतरी वेळ नुसता बघत बसलो होतो.

आता पपनसाचं. आमच्या बॅचला विचाराल तर हेच सांगतील. ऑक्टोबरात पाऊस गेल्यावर एका शनिवारी सरांनी कुणाच्या तरी परड्यातलं मोठं पपनस आणलं, फूटपट्टीने मोजलं, चौदा सेंटिमीटर, आणि शाळेच्या पायरीवर ठेवून म्हणाले हा सूर्य. एक सेंटिमीटर म्हणजे एक लाख किलोमीटर. मग खिशातून कागदाच्या पुड्या काढल्या. पृथ्वी म्हणजे मोहरीचा एक दाणा. तो वर्गातल्या एका मुलीच्या तळहातावर ठेवून तिला पंधरा मीटरवर उभं केलं, आणि चंद्र म्हणून रव्याचा एक कण तिच्याच हातावर, मोहरीपासून चार सेंटिमीटरलाही कमी. माणूस आजवर जास्तीत जास्त एवढाच लांब गेलाय, सर त्या तळहाताकडे बोट दाखवून म्हणाले. बुध सहा मीटरवर, शुक्र अकरावर आणि तोही मोहरीएवढाच, मंगळ तेवीसवर, खसखशीचा बारीक दाणा. इथपर्यंत सगळे एकमेकांशी बोलू शकत होते. गुरू म्हणजे गोटी, तो घेऊन एक जण ग्राउंडच्या पार टोकाला, ७८ मीटर. शनी जरा लहान गोटी, १४३ मीटर, म्हणजे कंपाउंडच्या बाहेर विहिरीपाशी. युरेनस तुरीचा दाणा, देवळाच्या पुढे, २८७ मीटर. नेपच्यून तसाच दुसरा दाणा घेऊन मी, ४५० मीटर, धक्क्याच्या तोंडाशी. माझ्या पुढे आणखी एक जण प्लुटो घेऊन गेला तो धक्क्याच्या दुसऱ्या टोकाला पोचला.

मी तिथून मागे बघितलं तर शाळेची पायरीसुद्धा दिसत नव्हती, पपनस कुठलं दिसायला, आणि माझ्या हातातल्या दाण्याला त्या पपनसाभोवती एक फेरी मारायला १६५ वर्षं लागतात. तो उन्हात चमकणारा धक्का, तो तुरीचा दाणा आणि मधे नुसती मोकळी जागा. पुस्तकातल्या चित्रात सगळे ग्रह कसे एका ओळीत खेटून काढलेले असतात, पण खरी गोष्ट त्या मोकळ्या जागेची आहे, आणि ती चालल्याशिवाय कळत नाही.

परत आल्यावर कुणीतरी विचारलं, मग पुढचा तारा कुठे ठेवायचा सर? सर म्हणाले आपल्याला सगळ्यात जवळचा सूर्यासारखा तारा म्हणजे मित्र (अल्फा सेंटॉरी), त्याचा प्रकाश आपल्यापर्यंत यायला ४.३७ वर्षं लागतात, सूर्याचा आठ मिनिटं वीस सेकंद. याच मापाने दुसरं पपनस इथून ४,१०० किलोमीटरवर ठेवावं लागेल, म्हणजे समुद्रापलीकडे आफ्रिकेत. सगळे हसले. सर हसले नाहीत.

ध्रुव दाखवला तो दहावीत. सगळ्यात ठळक तारा असेल असं वाटायचं पण तो मध्यमच आहे, सप्तर्षींच्या पहिल्या दोघांना जोडून रेघ पुढे न्यायची की सापडतो. सरांनी मूठ शिकवली. हात ताठ समोर धरून मूठ वळली की तिची रुंदी आकाशात दहा अंश, करंगळी एक अंश, पूर्ण चंद्र त्या करंगळीच्या निम्मा. क्षितिजापासून ध्रुवापर्यंत मुठी मोजा. सगळ्यांच्या पावणेदोन भरल्या. मग नकाशा काढला, रत्नागिरी १७ अंश उत्तर. पृथ्वीचा आस जिकडे रोखलेला आहे तिकडे ध्रुव, म्हणून उत्तर ध्रुवावर उभा राहिलास तर तो डोक्यावर, विषुववृत्तावर थेट क्षितिजाला टेकलेला, आणि मधे कुठेही जेवढे अंश तेवढा वर. म्हणजे कुठे आहेस ते तुझी मूठच सांगेल, एवढं बोलून सरांनी सगळ्यांना घरी सोडलं.

१९८६ च्या एप्रिलात माझी पहिली सफर, मुंबई ते आफ्रिकेतलं मोंबासा. आठ दिवस. बारा ते चारच्या वॉचला मी लुकआउटवर. पहिल्या रात्री हात आपोआप वर गेला. दोन मुठींना जरा कमी. दुसऱ्या रात्री दीड-दोन बोटं खाली, तिसऱ्या रात्री आणखी तेवढाच. घर मागे पडतंय हे मला नकाशावर नाही, असं बोटांवर दिसत होतं, आणि सहाव्या रात्री क्षितिजावरच्या धुरकटीत ध्रुव दिसेनासा झाला. फार एकटं वाटलं. पण दक्षिणेकडे वळलो तर त्रिशंकू, चार ताऱ्यांचा क्रूस, आणि त्याच्या शेजारी मित्र, आपल्या गावातून मे महिन्यात झाडांच्या शेंड्यावर जेमतेम दिसणारा, तो चांगला अडीच मुठी वर. आणि जवळच पिंजलेल्या कापसासारखा एक पुंजका, हॅलेचा धूमकेतू, ७६ वर्षांनी येणारा, जो सरांनी फळ्यावर लांबुडकी कक्षा काढून शिकवलेला. तेव्हा मला एकदम लक्षात आलं की मुंबई ते मोंबासा म्हणजे ४,४०० किलोमीटर. दुसरं पपनस ठेवायची जागा आम्ही लवकरच ओलांडणार होतो. आठ दिवस इंजिन रात्रंदिवस चालून, चौदा सेंटिमीटरच्या एका फळापासून दुसऱ्या फळापर्यंत.

मोंबासाहून सरांना पत्र टाकलं. उत्तर घरी आलेलं, ते मी सुट्टीवर आलो तेव्हा वाचलं. खुशाली एका ओळीत, मग प्रश्न: ध्रुव कितव्या रात्री दिसेनासा झाला? क्षितिजावर ढग होते का? दुपारच्या पोझिशनचा अक्षांश विचारलास का कुणाला? तेव्हापासून वही ठेवली. सुएझ तीन मुठी, रॉटरडॅम पाचच्या वर, सिंगापूरला कधीच दिसला नाही. डर्बनला मृग उलटा, व्याध वर आणि बाण खाली. पुढे एका सेकंड ऑफिसरने सेक्स्टंट, म्हणजे ताऱ्याची उंची अंशांत मोजायचं यंत्र, हातात दिला, त्याने दाखवलं की ध्रुवही अगदी आसावर नाही, पाऊण अंशाच्या आसपास बाजूला आहे, म्हणून त्याच्या मापात दुरुस्ती करावी लागते. हे सरांना कळवलं तर त्यांनी उलट लिहिलं की आस स्वतःही भोवऱ्यासारखा घुमतोय, एका फेरीला २६ हजार वर्षं, आणि अजून बारा हजार वर्षांनी ध्रुवाचं काम अभिजित तारा करेल. दर सुट्टीत वही घेऊन मी सरांकडे जायचो. ते शेवटपर्यंत तारखा तपासून घ्यायचे, २०११ ला गेले.

प्लुटोबद्दल लिहायलाच हवं. २००६ च्या ऑगस्टमध्ये प्रागच्या बैठकीत त्याला ग्रहांतून काढून बटुग्रह केलं, तेव्हा धक्क्याच्या टोकाला उभा राहिलेला आमचा तो मित्र खरोखर हळहळला होता. मला तो निर्णय पटतो, कारण त्या भागात त्याच्यासारखे बरेच सापडले होते, एरिस तर जवळजवळ तेवढाच. पण तो तिथे आहेच, आणि तोही २४८ वर्षांत त्याच पपनसाभोवती फिरतो.

गुरू-शनीची युती राहिली. मार्च १९८१, रात्री दहा, ग्राउंडवर सतरंज्या, चित्रेच्या जरा वर दोन न लुकलुकणारे ठिपके. गुरू वर्षाला साधारण ३० अंश चालतो, शनी १२, फरक १८, आणि ३६० भागिले १८ म्हणजे वीस. दर वीस वर्षांनी गुरू शनीला गाठतो. त्या वेळी दोघे वक्री झाल्यामुळे, म्हणजे काही काळ उलटे चालताना दिसल्यामुळे, तीनदा भेटले. २००० ची युती सूर्याच्या फार जवळ होती, दिसली नाही. मग २१ डिसेंबर २०२०. कोविडमुळे रिलीव्हर येत नव्हता, नऊ महिन्यांच्या करारावर चौदा महिने झालेले, आम्ही अरब अमिरातीतल्या फुजैराबाहेर नांगर टाकून. संध्याकाळी पश्चिमेला दोघे इतके जवळ की एकच तारा वाटावा, एक दशांश अंश, चंद्राच्या रुंदीचा पाचवा भाग. १६२३ नंतर एवढे जवळ आले नव्हते. मी पोरांना डेकवर बोलावून एकेकाला दुर्बीण दिली, केरळचा एक, फिलिपिन्सचे दोघे, आणि प्रत्येकाला ते ३० वजा १२ चं गणित सांगितलं. रात्री बॅचच्या ग्रुपवर गावाकडून मेसेज, जिच्या तळहातावर मोहरी होती तिचा. तिने लिहिलेलं, सर असते तर सतरंज्या काढल्या असत्या.

आता जानेवारीच्या मेळाव्याबद्दल. आपली शाळा १९५० ची. ७५ वर्षांपूर्वी निघालेला प्रकाश आज पोचतोय असा ठळक तारा मी शोधत होतो. रोहिणी ६५ प्रकाशवर्षांवर, म्हणजे तिचा आजचा उजेड निघाला तेव्हा शाळा दहा वर्षांची होती. मघा ७९ वर, म्हणजे शाळेचा दगडही बसायच्या आधी निघालेला. शाळेचं वय या दोघींच्या मधे कुठेतरी आहे. रात्री आठला रोहिणी डोक्यावर असेल, गुरू पूर्वेला मिथुनेत, आणि नऊनंतर ग्राउंडच्या पलीकडून मघा वर येईल, तेवढे लाइट अर्धा तास बंद ठेवता येतील का ते कमिटीने बघावं.

परड्यातलं एक पपनस मी झाडावरच ठेवलंय. मोजलं, साडेतेरा भरतंय. मोहरी आणि तुरीचे दाणे घरून आणतो, गोट्या कुणीतरी आणा. शनीपर्यंतचा रस्ता आता डांबरी झालाय पण विहीर तिथेच आहे, आणि नेपच्यून मीच नेणार.