ब्लड सेरेमनी, बासरी आणि लॉली आत्या

बुधवार, रात्री उशिरा

आज दिवसभर फक्त ब्लड सेरेमनी ऐकत होते. टोरंटोचा बँड, २००६ पासूनचा. डूम मेटल, म्हणजे हेवी मेटलमधला संथ, काळोखा प्रकार, म्हटलं की जे जे हवं ते सगळं आहे यांच्याकडे, जड संथ रिफ (गिटारचा परत परत येणारा तुकडा), चेटूक, जुने हॉरर पिक्चर, सत्तरच्या दशकातला तो धुरकट ऑर्गन, पण या सगळ्यात मधेच बासरी घुसते आणि मग मला दुसरं काही ऐकूच येत नाही. आलिया ओब्रायन गाते, ऑर्गनही तीच वाजवते आणि बासरीपण तिचीच.

आपल्याकडे बासरी लागली की मन आपोआप शांत व्हायला बघतं, पहाट, कृष्ण, रेडिओवरचं सकाळचं काहीतरी. हिची बासरी धातूची, विलायती, आणि तिच्यात फुंकर ऐकू येते, श्वास ऐकू येतो, कोणीतरी अगदी कानाजवळ उभं असल्यासारखं. शॉन केनेडीचा गिटारचा रिफ जिथे थांबतो तिथून ती पुढे बोलायला लागते आणि भीती वाटते ती त्या बासरीची, गिटारची नाही. गळा मात्र एकदम सरळ. किंचाळणं नाही, घोगरा आवाज काढणं नाही, गावात काल काय झालं ते सांगावं तसं सांगते. मला हेच जबरदस्त आवडतं.

या आवाजामागे एक जुनी गोष्ट आहे जी मला परत परत आठवते. डिसेंबर १९६८ मधे ब्लॅक सॅबथचा गिटारवाला टोनी आयोमी थोडे दिवस जेथ्रो टल या ब्रिटिश रॉक बँडमधे होता, रोलिंग स्टोन्सच्या त्या रॉक अँड रोल सर्कसमधे तो बासरीवाल्या इयन अँडरसनसोबत स्टेजवर दिसतो, मग तो बर्मिंगहॅमला आपल्या पोरांकडे परत गेला आणि फेब्रुवारी १९७० मधे ब्लॅक सॅबथचा पहिला अल्बम आला. म्हणजे बासरी एकीकडे गेली आणि तो जड रिफ दुसरीकडे. ब्लड सेरेमनीचा २००८ चा पहिला अल्बम ऐकताना वाटतं की त्या दोघांना कोणीतरी परत एका खोलीत बसवलंय.

आणि बाईच्या बाजूने बघायचं तर त्याच्याही आधी कोव्हन हा अमेरिकन बँड. गाणारी इंडियानाची जिंक्स डॉसन, १९६९ चा अल्बम, त्यातल्या पहिल्याच गाण्याचं नाव 'ब्लॅक सॅबथ', आणि हे त्या दुसऱ्या ब्लॅक सॅबथचा अल्बम यायच्या आधी! शेवटी चक्क सैतानी पूजेची अख्खी रेकॉर्डिंग. तो अल्बम नंतर कंपनीने मागे घेतला. पण कव्हर उघडलं की आतल्या फोटोत जिंक्स वेदीवर उघडी झोपलीये आणि बाकीचे भोवती उभे. आवाज तिचा, सगळा जोर तिचा, तरी फोटोत ती पूजेतली वस्तू. तेव्हाचे ते सगळे पिक्चरही असेच, बाई एकतर वेदीवर नाहीतर चितेवर. ब्लड सेरेमनी हे नावसुद्धा १९७३ च्या एका स्पॅनिश हॉरर पिक्चरवरूनच आलंय. पण यांच्या पूजेत वेदीवर कोण आहे मला माहीत नाही, पूजा सांगणारी मात्र आलिया आहे.

आज जे गाणं डोक्यातून जाईना ते 'लॉली विलोज', २०२३ च्या 'द ओल्ड वेज रिमेन' मधलं. ते सिल्व्हिया टाउनसेंड वॉर्नरच्या १९२६ च्या कादंबरीवर आहे. लॉरा विलोज, लग्न झालेलं नाही, वडील गेल्यावर लंडनला भावाच्या घरी येते आणि जवळजवळ वीस वर्षं पोरांची लॉली आत्या होऊन राहते. मग एके दिवशी सगळ्यांचा विरोध असताना ग्रेट मॉप नावाच्या खेड्यात एकटी राहायला जाते, मागोमाग भाचा तिथेही येऊन टपकतो, आणि ती सैतानाशी करार करते. कोणाचं वाईट करायला नाही हो. लोकांनी मोजून वाढलेलं आयुष्य नको, स्वतःचं हवं, एवढ्याचसाठी.

आमच्या घरीपण आत्या होती. आमचे डबे, आमचे ताप, आजीचं शेवटचं दुखणं, सगळं तिने काढलं आणि झोपायला तिला हॉलमधला दिवाण, कपाटात एक कप्पा. तुला कुठे राहायचंय असं तिला कोणी विचारल्याचं मला आठवत नाही. संध्याकाळी गाणं लूपवर लावलं आणि तीच डोळ्यासमोर येत राहिली, मी भांडी घासता घासता रडले.

चेटकिणीची गाणी आवडतात म्हणताना मला एक गोष्ट टोचतेच. नंदुरबारकडे सातपुड्यात बाईला डाकीण ठरवून मारल्याच्या बातम्या अजून येतात, २०१३ ला जादूटोणाविरोधी कायदा आला तरी. तिथे डाकीण हे दुसऱ्यांनी लावलेलं असतं, बहुतेक वेळा एकटी बाई, जमीन असलेली बाई. लॉली स्वतःहून चेटकीण होते, फरक तिथे आहे, आणि म्हणून मला हे गाणं नुसतं रेट्रो फॅशन वाटत नाही.

बरेच जण म्हणतात की यांच्यात आता डूम कमी झालंय, पहिल्या अल्बमचं वजन राहिलं नाही. वजन कमी झालं हे खरं. २०१६ चा 'लॉर्ड ऑफ मिसरूल' तर लंडनच्या टो रॅग स्टुडिओत जुन्या अ‍ॅनालॉग मशीनवर केलेला, त्यात 'फ्लॉवर फँटम्स' सारखं जवळजवळ साठच्या दशकातलं पॉप गाणं आहे. पण मला ती वाट बरोबर वाटते. २००८ मधे त्या रिफखाली दबून जायचं सुख होतं, आता गोष्ट ऐकू येते, आणि लॉलीची गोष्ट इतक्या जड गिटारखाली मला ऐकूच आली नसती. तरी ज्याला दोन्ही हवंय त्याने २०१३ चा 'द एल्ड्रिच डार्क' घ्यावा, 'विचवुड' पासून सुरू करावा, आवाज मोठा ठेवून. ताईला उद्या तोच पाठवणारे, 'लॉली विलोज' नंतर, आत्याचं नाव न घेता.