गेला, तोही ऑफ

पुण्यातला गुरुवार होता. म्हणजे सकाळपासून पाणी नाही, आणि दुपारपासून लाईटही गेलेली. पत्र्या मारुतीजवळच्या ज्या जुन्या वाड्यात माझा इंग्रजी संभाषणाचा क्लास चालतो, तिथे इन्व्हर्टरवर फक्त एक ट्यूब आहे, पंखा नाही. साडेसहाची बॅच वहीने वारा घेत बसली होती. तेवढ्यात तो आला. चपला दाराशी काढल्या आणि बाकावर न बसता सरळ माझ्या टेबलाशी येऊन एक कागद पुढे केला. कंपनीचं पत्र. वॉर्निंग.

मुलगा बीडकडचा. एका कंपनीत रात्रपाळी करतो. इंग्लंडमधल्या गोदामांच्या तक्रारी फोनवर घ्यायच्या, कॉम्प्युटरवर नोंदवायच्या आणि तिथल्या दुरुस्तीवाल्या माणसांकडे पाठवायच्या, हे काम. आदल्या रात्री एका गोदामातून फोन आला होता. पलीकडचा माणूस घाईत म्हणाला, ‘द फ्रीझर अलार्म्स गॉन ऑफ.’ यानं शांतपणे आभार मानले, नोंद केली ‘अलार्म स्टॉप्ड’, आणि तक्रार बंद करून टाकली.

प्रत्यक्षात तिकडे भोंगा बोंबलत होता. पाऊण तासानं दुसरा फोन आला, तो थेट याच्या साहेबांना. तोवर फ्रीझरमधला काही माल फेकून द्यायच्या लायकीचा झाला होता.

“मॅडम, गॉन म्हणजे गेला ना?”

“हो.”

“आणि ऑफ म्हणजे बंद. गेला, तोही ऑफ. आता यात माझं काय चुकलं?”

मागच्या बाकावर कुणीतरी फिसकन हसलं. मला हसू आलं नाही, कारण त्यानं वहीतून माझीच झेरॉक्स काढली होती. शंभर फ्रेझल व्हर्ब्ज, म्हणजे मागे ‘ऑफ’, ‘डाऊन’सारखा बारका शब्द लागलेली क्रियापदं, अर्थासकट. कित्येक वर्षं प्रत्येक बॅचला मी तीच वाटते. त्यात ‘गो ऑफ’च्या पुढे मी छापलेलं: स्फोट होणे; वाजणे; नासणे; बंद पडणे. चारही अर्थ त्याला पाठ होते. ऐन वेळी ‘ऑफ’ला सगळ्यात जवळचा वाटला तो त्यानं उचलला. पाठ करणाऱ्यानं दुसरं करायचं तरी काय?

त्या दिवशी वेगळाच धडा होता, तो बाजूला ठेवला. फळ्यावर ‘ऑफ’ लिहिलं खरं, पण पुढे काय सांगावं ते सुचेना. तेवढ्यात खिडकीशी बसलेली मुलगी म्हणाली, “चला, वारा सुटला एकदाचा!”

मी म्हटलं, “थांब. वारा सुटला म्हणजे काय झालं?”

“सुरू झाला.”

“आणि शाळा सुटली म्हणजे?”

“संपली... अय्या!”

मग वर्गच सुटला. वास सुटला, पोट सुटलं, सिगारेट सुटली, गाडी सुटली, गणित सुटलं. एकच क्रियापद, कुठे सुरू होतं, कुठे संपतं, आणि आपल्याला कधी बुचकळ्यात पाडत नाही, कारण आपण ‘सुटणे’चे अर्थ पाठ केलेले नाहीत. धरून ठेवलेलं काहीतरी मोकळं झालं, एवढं एक चित्र डोक्यात असतं. इंग्रजीतल्या ‘ऑफ’चंही मूळ चित्र असंच आहे: लागून असलेलं काहीतरी वेगळं होणं, दूर जाणं. दिव्याचा विजेशी संबंध तुटला, दिवा ऑफ. बंदुकीतून बार सुटला, बंदूक ‘वेंट ऑफ’. अलार्म या बंदुकीच्या घरातला, दिव्याच्या नव्हे. ताणून धरलेला असतो, सुटतो, आणि कान फोडतो.

आमच्या बॅचला एक निवृत्त संस्कृत शिक्षक येतात. लेक न्यू जर्सीला, नातवाशी बोलता यावं म्हणून. आम्ही त्यांना काका म्हणतो. ते इतका वेळ डोळे मिटून होते. मला वाटलं, उकाड्यानं डुलकी लागली असावी. तर डोळे न उघडताच म्हणाले, “उपसर्गेण धात्वर्थो बलादन्यत्र नीयते, प्रहाराहारसंहारविहारपरिहारवत्.” उपसर्ग धातूच्या अर्थाला जबरदस्तीनं दुसरीकडे ओढून नेतो. धातू एकच, हृ. पण ‘प्र’ लागला की मार बसतो आणि ‘आ’ लागला की जेवण मिळतं.

“फरक एवढाच,” काका म्हणाले, “आमचा उपसर्ग पुढे चिकटून बसतो. यांचा मागून येतो आणि वाटेल तिकडे भटकतो.”

वाटेल तिकडे मात्र नाही. त्या भटकण्याला नियम आहे. ‘टर्न डाऊन’ घ्या. ‘टर्न डाऊन द टीव्ही’ चालतं, ‘टर्न द टीव्ही डाऊन’ही चालतं. पण टीव्हीच्या जागी ‘इट’ आला की तो मध्येच बसणार: ‘टर्न इट डाऊन’. कारण इथे ‘डाऊन’ क्रियाविशेषण आहे. ‘लुक ॲट’मधला ‘ॲट’ शब्दयोगी जातीचा. तिथे ‘लुक इट ॲट’ म्हणून पाहा, जीभच अडते. आणि दोन्ही एकदम आले, जसे ‘पुट अप विथ’ म्हणजे सहन करणे, तर तिघे हात धरून उभे राहतात आणि ‘इट’ गुपचूप शेवटी जातो.

शिवाय कानाला कळणारी एक खूण आहे, आणि फोनवर काम करणाऱ्याला तीच जास्त उपयोगाची. ‘वी हॅव रन आऊट ऑव्ह मिल्क’ हे वाक्य मी दहा वेळा म्हणून दाखवलं. जोर ‘आऊट’वर, ‘ऑव्ह’ नुसता ओझरता, जवळजवळ गिळलेला. क्रियाविशेषण ठासून येतं, शब्दयोगी लपून येतो. गंमत म्हणजे ‘ऑफ’ आणि ‘ऑव्ह’ हे मुळात एकच शब्द होते. जोर देऊन म्हटला जाई त्याचा ‘ऑफ’ झाला, ओझरता म्हटला जाई तो ‘ऑव्ह’ राहिला.

एवढं सगळं ऐकून तो म्हणाला, “म्हणजे माझ्यासारख्याला हे अवघड जाणारच ना?” मी त्याला डॉ. जॉन्सनची साक्ष दिली. 1755 साली या गृहस्थानं इंग्रजीचा मोठा कोश छापला आणि प्रस्तावनेतच कबूल केलं, की क्रियापदामागे हे बारके शब्द लावून अर्थ बदलण्याची आमची जी रीत आहे, तिच्यापायी परक्यांना सगळ्यात जास्त त्रास होतो. ‘फ्रेझल व्हर्ब’ हे नावसुद्धा बरंच नंतर, 1925च्या सुमाराला छापात आलं.

“हे साहेबांना सांगू का?”

“नको. साहेबांना सॉरी म्हण. आणि पुढच्या वेळी नोंद करण्याआधी समोरच्याला विचार, आत्ता आवाज येतोय का. त्याला व्याकरण लागत नाही.”

त्यानं ते वहीत लिहून घेतलं, मराठीत. मग घड्याळ पाहिलं आणि शिफ्टची गाडी चुकेल म्हणून पळाला.

आठ वाजता वर्ग सुटला. लाईट अजून आलेली नव्हती. खाली झेरॉक्सवाला शटर ओढतच होता. त्याला म्हटलं, “दादा, नव्या बॅचसाठी चाळीस प्रती सांगितल्या होत्या, त्या राहू द्या.”

“सकाळीच काढून झाल्यात मॅडम.” त्यानं गठ्ठा पुढे केला.

पैसे दिले. एकाच बाजूला छापलेल्या होत्या, ते एक बरं. पाठकोऱ्या कागदांना आमच्या घरात मरण नाही.