बायपासनंतरची मालीश आणि अडलेली परवानगी

बायपासनंतर आबा घरी आले तेव्हा छातीपेक्षा त्यांची पाठच जास्त ठणकायची, दोन्ही खवाट्यांच्या मधे. ऑपरेशनला छातीचं हाड मधोमध कापून बरगड्या फाकवून धरतात, त्याचा ताण मागे मणक्यापर्यंत जातो. त्यात माणूस टाके जपत पोक काढून बसतो, मग मान-खांदे आखडतात.

डिस्चार्ज कार्डावर गोळ्या सगळ्या होत्या, या दुखण्याबद्दल एक ओळ नव्हती. ओपीडीत विचारलं, “मालीश केली तर चालेल का?” उत्तर आलं, “अजिबात नाही.” फिजिओथेरपीत म्हणाले सर्जनना विचारा, सर्जनच्या खोलीबाहेर सांगितलं फिजिओ ठरवतील. अशा तीन खेपा झाल्या. प्रत्येक वेळी ताज्या टाक्यांचा माणूस छातीशी उशी धरून दोन-अडीच तास बाकावर. याचा राग अजून गेलेला नाही.

घोळ त्या शब्दात होता. आपल्या कोल्हापुरात मालीश म्हटलं की तालीम डोळ्यांसमोर येते: पैलवान पालथा, वरून कोपर, टाच आणि अख्ख्या अंगाचा भार. याला कुठलाही डॉक्टर नाहीच म्हणणार. पण “मालीश म्हणजे नेमकं काय करणार?” एवढं तिथल्या एकानेही विचारलं नाही. चौथ्या खेपेला कागदावर चारच प्रश्न लिहून नेले. हाड घट्ट बसलंय का? रक्त पातळ करणारी गोळी कोणती? स्टुलावर बसवून मान, खांदे, पाठ हलक्या हाताने दहा मिनिटं चोळली तर चालेल का? व्रणाला हात कधी लावायचा? दोन मिनिटांत लेखी उत्तर मिळालं. तुम्हीही तोंडी विचारू नका, लिहूनच न्या.

पद्धत अशी. पेशंटच्या छातीशी उशी, हात मांडीवर. चमचाभर कोमट खोबरेल तळव्यावर घ्यायचं, मानेपासून खांद्याकडे आणि मणक्याच्या दोन्ही बाजूंनी सावकाश हात फिरवायचा, मणक्यावर नाही. दाब किती? कणकेच्या गोळ्यावर बोट टेकलं तर खळगा पडेल न पडेल एवढाच. अ‍ॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल अशी रक्त पातळ करणारी औषधं चालू असतात, त्यामुळे जरा जोर झाला की दुसऱ्या दिवशी काळेनिळे डाग दिसतात. पेशंटचा हात वर किंवा मागे ओढायचा नाही.

बायपाससाठी ज्या पायातून शीर काढली, त्याची पोटरी अजिबात चोळू नका. सूज असेल तर पाय उशीवर उंच ठेवा. एकच पोटरी गरम, टणक, दुखरी झाली तर त्याच दिवशी दाखवा, गुठळी असू शकते.

छातीची डावी बाजू कित्येकांना बधिर असते. तिथे गरम पाण्याची पिशवी ठेवू नका, भाजलेलं कळत नाही.

हाड जुळायला सहा ते आठ आठवडे, पक्कं व्हायला तीन महिने लागतात. तोवर पालथं झोपवणं नाही, तालमीतला मालीशवालाही नाही. व्रणाची खपली पूर्ण गेली आणि डॉक्टर हो म्हणाले, की दोन बोटांनी लहान गोल फिरवत पाच मिनिटं व्रण चोळायचा; त्याआधी त्याला तेलही लावायचं नाही. हाडातून कटकट आवाज आला, पू किंवा ताप आला तर मालीश थांबवून सर्जनना गाठा.

हे खरं तर सर्वांत आधी सांगायला हवं होतं: चालताना छाती दाबल्यासारखी झाली, कळ जबड्यात किंवा डाव्या हातात गेली, घाम फुटला, तर ते स्नायूंचं दुखणं समजून चोळत बसू नका. लगेच १०८ ला फोन करा.