कानात काहीच नव्हतं

तीन महिने मी कानाच्या डॉक्टरांकडे खेटे घालत होते. सकाळी उठलं की उजवा कान ठणकायचा, कानशिलं जड. आठ तास झोपूनही रात्रभर जातं ओढल्यासारखी दमलेली. कान स्वच्छ, म्हणे. शेवटी त्यांनीच दातांच्या डॉक्टरांकडे धाडलं.

आज त्या बाईंनी कानापुढे बोट दाबून तोंड उघडायला सांगितलं. कट्ट! मलाही ऐकू आलं. आपली तीन बोटं उभी धरून दातांमध्ये मावायला हवीत, साधारण ४० मिलिमीटर. माझी दोनच, तीही कशीबशी. जबड्याचा सांधा कानाला अगदी खेटून असतो, म्हणून दुखणं कानात वाटतं. आणि मी झोपेत दात खाते! नवऱ्याला विचारलं तर म्हणाला, "अगं, मला वाटलं उंदीर आहे."

आई फोनवर लगेच, "जंत झाले असतील." दाढा झिजल्यात गं आई, पंचेचाळिशीत कसले जंत!

दात खाताना झोप क्षणभर चाळवते, आपल्याला कळतही नाही. आणि झोप बिघडली की दुखणं जास्त जाणवतं, मग पुन्हा झोपेचं खोबरं. झोपताना दातांवर चढवायच्या आवरणासाठी, म्हणजे नाइट गार्डसाठी, दातांचं माप दिलंय. त्याने सवय जाणार नाही, दात वाचतील, हे बाईंनी आधीच सांगून टाकलं. आवडलं मला. पालथं झोपणं बंद, चिक्की बंद (हे जड जाणार). दिवसा ओठ मिटलेले, पण दात सुटे ठेवायचे. हे लिहितानाही दोनदा आवळलेले सापडले.